शाळेची इमारत कुणाला विचारून बांधायची?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला 'तंत्रज्ञान आणि समाज' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा. पण गेल्या अडीच वर्षांत माझे बहुतेक शनिवार-रविवार एका शाळेच्या बांधकामामागे गेले. तेव्हा आज त्याबद्दलच बोलतो. तंत्रज्ञान त्यात आहे, पण फारसं उपयोगी पडलं नाही, तेही सांगतो.

माझं गाव मराठवाड्यातलं, बाजाराचं. तिथे एकाच आवारात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत, एक उर्दू माध्यमाची, एक मराठी. मी पहिली ते चौथी उर्दूत शिकलो आणि पाचवीला मैदान ओलांडून मराठी शाळेत गेलो. त्यामुळे दोन्ही शाळा माझ्या. गोष्ट सुरू झाली तेव्हा उर्दू शाळेचा पट १८६ होता, शिक्षक ७ आणि वापरता येतील अशा खोल्या ४. पावसाळ्यात तिसरी आणि चौथी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायची. समोरच्या मराठी शाळेचा पट घसरून ९२ वर आला होता आणि तिथल्या दोन खोल्यांना कुलूप होतं.

एके दिवशी स्लॅबचा एक पोपडा दुसरीच्या वर्गात पडला. मधली सुट्टी होती, म्हणून कुणाला लागलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. रात्रीत शंभर मेसेज. कुणी पैसे जमवू म्हणालं, कुणी आमदारांना भेटू म्हणालं. मी म्हणालो, "आधी लोकांना काय हवं ते विचारू," आणि अर्ध्या तासात गूगल फॉर्म करून टाकला. आमच्या धंद्यात याला गरजा गोळा करणं म्हणतात. मला वाटलं, हे तर माझं रोजचं काम.

फॉर्मला ६३ उत्तरं आली. त्यातली चाळीसेक पुणे, मुंबई, हैदराबाद आणि दुबईतून. सगळ्यात जास्त मागणी कॉम्प्युटर लॅबची, त्याखालोखाल प्रवेशद्वारावर कमान हवी, अशी. सध्या शाळेत असलेल्या मुलांच्या आयांनी भरलेले फॉर्म किती? चार. मी तो रंगीत तक्ता घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेलो. बाजींनी शांतपणे बघितला आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर ठेवायला न गळणारी एक खोली आधी दाखव."

तिथून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण आपल्यापैकी अनेकांना वाटतं की आपण शाळेत जातो ते विनंती करायला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. कलम २२ सांगतं की या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि सरकारने किंवा स्थानिक संस्थेने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असेल. म्हणजे शाळेत काय बांधायचं याची सुरुवात पालकांच्या कागदावरून व्हावी, अशी कायद्याची रचना आहे. प्रत्यक्षात हा आराखडा बहुतेक वेळा एका संध्याकाळी भरला जातो आणि सह्या घरोघरी फिरून गोळा होतात. आमच्याकडेही तसंच होतं. समितीतल्या दोन महिलांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांनी स्थापन केलेल्या शाळांमध्ये या समितीचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं ठेवलं. काही जण ते उर्दू शाळांनाही लावतात. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची उर्दू शाळा ही अल्पसंख्याक संस्था नाही. ती सार्वजनिक शाळा आहे, फक्त माध्यम उर्दू आहे. तिच्या समितीला पूर्ण अधिकार आहेत. ती शाळा 'आपल्या समाजाची' म्हणून कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही, आणि ती फक्त आपलीच आहे असंही नाही.

याच कायद्याच्या परिशिष्टात इमारतीचे निकष आहेत. दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी कार्यालय आणि सामानाची खोली, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींची स्वतंत्र शौचालयं, पुरेसं सुरक्षित पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. आमच्याकडे ७ शिक्षक आणि ४ खोल्या. तीन कमी. आमच्या मागणीचा पहिला ओळीतला आकडा असा ठरला. भावनेने नाही, वजाबाकीने.

पण खोल्या किती हे निकषांतून कळतं. त्या कुठे हव्यात आणि आधी काय हवं, हे कळत नाही. ते वापरणाऱ्यांनाच ठाऊक असतं, आणि सभेत विचारून ते बाहेर येत नाही. सभेत पुढच्या रांगेतले पाच जण बोलतात. मग आम्ही सभा घेणं थांबवलं आणि चार वेगळ्या गोष्टी केल्या.

पहिली, मुलांचे नकाशे. पाचवी ते सातवीच्या मुलांना दोन्ही शाळांच्या आवाराचा साधा आराखडा छापून दिला आणि तीन खडू दिले. जिथे आवडतं तिथे हिरवा, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल, जिथे ताटकळावं लागतं तिथे निळा. अर्ध्या तासात जे समोर आलं ते माझ्या फॉर्ममध्ये महिन्याभरात आलं नव्हतं. हिरवा रंग जवळजवळ सगळ्यांचा लिंबाच्या झाडाखाली. लाल रंग शौचालयावर आणि मागच्या पडक्या भिंतीजवळ. निळा रंग पाण्याच्या टाकीपाशी. तिथे दोनच नळ चालू होते. मी हिशोब केला. दोन्ही शाळांची मुलं २७८. एका मुलाला हात धुवून पाणी प्यायला अर्धा मिनिट धरलं, तर दोन नळांवर सगळ्यांचं उरकायला सुमारे ७० मिनिटं लागतात. मधली सुट्टी ३० मिनिटांची. म्हणजे रोज निम्म्याहून जास्त मुलं पाणी न पिता वर्गात जात होती. सहा नळ असले तर तेच काम साधारण २३ मिनिटांत होतं. "पाण्याची सोय करावी" असं लिहिण्याऐवजी आम्ही "सहा नळ" लिहिलं आणि खाली हा हिशोब जोडला.

दुसरी, बायकांची बैठक. मी तिथे नव्हतो, नसणंच बरोबर होतं. माझी बहीण आणि अंगणवाडी ताई या दोघींनी दुपारी तीनला, घरची कामं उरकल्यावर, अंगणवाडीत आयांना बोलावलं. मराठी शाळेच्या आयाही आल्या. तिथे कळलं की मुलींच्या शौचालयाचं दार रस्त्याकडे उघडतं, आतली कडी तुटलेली आहे, आत पाणी नाही. त्यामुळे सहावी-सातवीच्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत घरी राहतात. एक अम्मी म्हणाल्या, "पढाई छोड़ती नहीं बेटी, पर महीने में चार दिन आपोआप छूटती है."

हे शौचालय यू-डायस प्लसवर 'आहे' आणि 'वापरात आहे' असं नोंदलेलं होतं. यू-डायस म्हणजे देशातल्या शाळांच्या माहितीचा सरकारी साठा. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो आणि शाळेची माहिती कुणालाही ऑनलाइन बघता येते. मी रोज डेटाबेसमध्ये काम करणारा माणूस. 'हो' लिहिलेल्या रकान्यामागे तुटलेली कडी असू शकते, हे मला आयांकडून शिकावं लागलं. जोवर तिथे 'हो' आहे तोवर नवं शौचालय मागायला आधारच नाही, हेही तेव्हा कळलं. आधी नोंद दुरुस्त करून घेतली.

तिसरी, स्वयंपाक करणाऱ्या मावशी. त्यांची शेड पहिलीच्या खिडकीला लागून होती. धूर वर्गात. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, वरच्या गवती छपराला पोचली आणि ९४ मुलं गेली. मावशींना ही घटना माहीत नव्हती. पण त्यांनी स्वतःहून सांगितलं, "दादा, चूल वर्गापासून लांब हलवा, मला रोज भीती वाटते."

चौथी, म्हातारी माणसं. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने नव्या खोल्यांसाठी पश्चिमेचा मोकळा कोपरा सुचवला होता. कागदावर उत्तम जागा. आवारात चक्कर मारताना पानटपरीवरचे एक चाचा सोबत आले आणि म्हणाले, "बेटा, यहाँ नाला था. हमारे बचपन में भर दिया." अभियंते समंजस होते, त्यांनी खड्डा घेऊन बघितला. वर भराव, खाली काळी माती. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते आणि वरची भिंत तडकते. मराठवाड्यात हे सगळ्यांना माहीत आहे, पण भरावाखाली काय आहे ते त्या एका माणसालाच माहीत होतं. खोल्या पूर्वेला हलल्या, तिथे कमी खोलीवर मुरूम लागला. तिथे लिंबाची दोन झाडं होती. आराखडा थोडा सरकवून एक वाचवलं. दुसरं गेलं. मुलं नाराज झाली, आणि त्यांचा राग बरोबर होता.

आता एक गोष्ट उलट बाजूने सांगतो. लोकांना विचारायचं म्हणजे सगळंच लोकांच्या मतावर सोडायचं नाही. जुन्या चार खोल्या पाडायच्या की दुरुस्त करायच्या, यावर गावात दोन तट पडले. "प्लॅस्टर मारून रंग द्या, झालं," असं एका गटाचं म्हणणं. पण पोपडा पडतो तो प्लॅस्टर खराब असतं म्हणून नाही. गळतीचं पाणी आत मुरतं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. वरून प्लॅस्टर मारलं तर आतला गंज झाकला जातो, थांबत नाही. हा प्रश्न हात वर करून सुटणारा नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं आणि तो अहवाल मानायचा. आमच्याकडे दोन खोल्या दुरुस्तीच्या लायक निघाल्या. दोन वापरास अयोग्य ठरल्या आणि त्यांचं निर्लेखन झालं, म्हणजे त्या पाडायला रीतसर मंजुरी मिळाली. जागा, क्रम, वापर हे लोकांनी सांगायचं. कॉलम किती जाड, सळई किती, पाया किती खोल, हे अभियंत्याने. या दोघांची सरमिसळ झाली की एक तर इमारत धोक्याची होते, नाही तर निरुपयोगी.

मधल्या काळात मुलं बसणार कुठे? हा प्रश्न मंजुरीच्या कुठल्याच कागदावर नव्हता. शादीखान्याच्या विश्वस्तांनी हॉल दिला, लग्नाच्या तारखा सोडून. पण शादीखाना हायवेच्या पलीकडे. आयांनी स्पष्ट सांगितलं, लहान मुलांना आम्ही सोडू-आणू, मोठ्या मुलींना तिकडे पाठवणार नाही. सहावी-सातवीच्या मुलीची शाळा एकदा सुटली की ती परत येईलच याची खात्री नसते. तेव्हा मराठी शाळेच्या मुख्याध्यापक सरांनी त्या कुलूप लावलेल्या दोन खोल्या उघडून दिल्या. उर्दूची सहावी-सातवी तिथे बसू लागली.

याच्याशी एक भिंत जोडलेली आहे, आणि या भाषणात मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते तिच्याबद्दल.

पहिल्या प्रस्तावात संरक्षक भिंत होती आणि तिचा एक फाटा दोन शाळांच्या मधून जात होता. ती मागणी अधिकाऱ्यांची नव्हती. आपल्याच लोकांची होती आणि पलीकडच्याही काही लोकांची. इकडचे म्हणत, "आपल्या मुली सुरक्षित राहतील." तिकडचे म्हणत, "आपलं मैदान आपल्याला राहील." दोघांचीही भाषा शिस्तीची. मी स्वतः सुरुवातीला गप्प बसलो. वाद नको, खोल्या मिळू देत, असं वाटलं. ते माझं चुकलं.

भिंत थांबवली ती मुलांच्या नकाशांनी. दोन्ही शाळांच्या मुलांनी केलेले नकाशे आम्ही संयुक्त बैठकीत भिंतीवर लावले. हिरवा रंग मैदानाच्या मधोमध होता, लिंबाखाली, जिथून ती भिंत जाणार होती. मराठीच्या मुलांचा हिरवा आणि उर्दूच्या मुलांचा हिरवा एकाच जागी. कुणी भाषण केलं नाही. माझ्या वर्गातला एक मित्र आता मराठी शाळेच्या समितीचा अध्यक्ष आहे. तो म्हणाला, "आपण दोघं इथेच खेळलो ना रे? मग ही भिंत कुणासाठी?"

पण मित्राच्या एका वाक्याने प्रश्न सुटला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मराठी शाळेच्या पालकांची एक खरी भीती होती. त्यांचा पट घटत होता. खोल्या दिल्या तर उद्या 'रिकामी शाळा' म्हणून आपली शाळाच बंद करतील, असं त्यांना वाटत होतं. या भीतीला 'आपण सगळे एक आहोत' हे उत्तर नाही. तिला कागदाचं उत्तर लागतं. दोन्ही समित्यांनी ठराव केला की त्या दोन खोल्या मराठी शाळेच्याच नावावर राहतील आणि बांधकामानंतर त्यांत दोन्ही शाळांचं वाचनालय आणि विज्ञानाची खोली चालेल, म्हणजे त्या वापरात दिसतील. मुलींच्या सुरक्षिततेची भीतीही खरी होती. तिचं उत्तर बाहेरचं कुंपण, फाटक आणि दाराची दिशा बदललेलं शौचालय हे होतं. मधली भिंत प्रस्तावातून गेली. पाडलेल्या दोन खोल्यांच्या जागी दोन आणि वाढीव तीन, अशा पाच खोल्यांची मागणी होती. सामाईक खोल्यांमुळे पहिल्या टप्प्यात तीन पुरतील असं आम्हीच लिहून दिलं. मागणी कमी केल्याने काही लोक आजही आमच्यावर नाराज आहेत.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं की मुस्लीमबहुल वस्त्यांमध्ये शाळांसह मूलभूत सोयींची कमतरता आहे. त्यानंतर २००८-०९ मध्ये बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम आला. त्यात निवडलेल्या ९० जिल्ह्यांत आपल्याकडचे परभणी, हिंगोली, वाशिम आणि बुलढाणा होते. २०१८ मध्ये त्याचंच नाव प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम झालं. अशा योजनांचा हक्काने पाठपुरावा करा. पण त्यातून उभी राहणारी खोली त्या वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी असते, हे आपण स्वतः आधी म्हणायला शिकलं पाहिजे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. बोलायचं कधी? कामाचा क्रम साधारण असा असतो. समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकारी, मग बांधकाम विभागाची पाहणी आणि अंदाजपत्रक, मग प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. लोक जागे होतात ते जेसीबी आल्यावर. तोपर्यंत प्रत्येक वीट मोजून लिहिलेली असते आणि एका बाबीचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर पुन्हा वरपर्यंत जावं लागतं. अंदाजपत्रक बनण्याआधी सांगितलेली गोष्ट एका दुपारी बदलते. नंतर तीच बदलायला सहा महिने जातात. आमच्या शौचालयाची जागा बदलली, कारण आम्ही पाहणीच्या दिवशी अभियंत्यासोबत फिरलो. स्वयंपाकघराबद्दल आम्ही उशिरा बोललो. ती शेड आजही खिडकीला लागूनच आहे. आता ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालण्याचा प्रयत्न चालू आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ही मागणी तिथूनच आली आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक रॅम्पची. चौथीत एक मुलगा व्हीलचेअरवर येतो. आम्ही आराखड्यात लिहिलं, 'रॅम्प हवा.' अंदाजपत्रकात आलं, 'रॅम्प, १ नग.' आम्ही खूश. जोत्याची उंची ४५ सेंटिमीटर. रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे लांबी किमान ५.४ मीटर. बांधला गेला अडीच मीटरचा. फोटोत रॅम्प दिसतो, रकान्यात 'हो' आहे, आणि त्या मुलाची खुर्ची चढवायला आजही दोघं लागतात. ठेकेदाराने फसवलं असं मला म्हणता येत नाही, कारण त्याने एक नग रॅम्प दिला. मी रोज ऑफिसात ज्युनियर मुलांना सांगतो की मोघम लिहिलंत तर मोघम मिळेल. आणि शाळेच्या कागदावर मी स्वतः मोघम लिहिलं. त्या मुलाच्या आईला एकदा अंदाजपत्रक दाखवलं असतं तर तिने लांबी विचारली असती. आम्ही तिला बैठकीला बोलावलं होतं, कागद दाखवला नव्हता. दोष दायित्वाचा काळ अजून संपलेला नाही, तरी रॅम्प लांब करणं हे 'दोष' या व्याख्येत बसत नाही. आता ते वेगळं काम म्हणून मागितलं आहे.

म्हणून आता आम्ही प्रत्येक कागद दाखवतो. मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागतो. २००५ च्या त्या कायद्यात कागदाच्या प्रतीशिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी लोक वापरतात. कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात चालू कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. पण हे भांडण म्हणून करू नका. आम्ही बांधकामाच्या काळात दर शनिवारी दोन पालक पाळीने ठेवले. ते फक्त वहीत लिहायचे. आज सिमेंटच्या किती गोण्या आल्या, स्लॅबवर पाणी मारलं का, किती दिवस मारलं. सुरुवातीला मिस्त्री चिडला. नंतर तोच हाक मारायचा, "या, लिहून घ्या." त्या वहीचा ॲप बनवायचा मोह मला तीनदा झाला. बहिणीने तिन्ही वेळा थांबवलं. वही दाराला टांगलेली होती, कुणालाही उघडता येत होती.

आजची स्थिती सांगतो. दोन नव्या खोल्या उभ्या आहेत, तिसरी मंजूर आहे पण निधी नाही. दोन जुन्या दुरुस्त झाल्या. सहा नळ आहेत. शौचालयाचं दार आतल्या बाजूला उघडतं, आडोशाची भिंत आहे, आत पाणी आहे, कडी आहे. कडी एकदा तुटली, आठवड्यात बसवली. कमान नाही. मधली भिंत नाही. उर्दू शाळेचा पट २०३ झाला, मराठीचा ९७. हे बांधकामामुळेच झालं असा दावा मी करणार नाही.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे गाव सोडून आलेले आहात. गावच्या शाळेसाठी पैसे द्यायची तुमची तयारी असते, ते चांगलंच आहे. पण पैशाआधी चार कामं करा. आपल्या शाळेचा यू-डायस क्रमांक शोधा आणि तिथे लिहिलेलं जागेवर जाऊन पडताळा. व्यवस्थापन समितीत कोण आहेत ते विचारा, विशेषतः महिला सदस्यांना त्या सदस्य आहेत हे माहीत आहे का, ते विचारा. शाळा विकास आराखडा मागून वाचा. आणि मुलांच्या हातात खडू द्या. या चारही कामांना रुपया लागत नाही, एक सुट्टी लागते.

तुमच्या गावातही कदाचित अशी एखादी भिंत कागदावर आलेली असेल, आणि तीही आपल्याच कुणीतरी मागितलेली असेल. ती अंदाजपत्रकात जाण्याआधी पोचा. माझ्यासारखं गप्प बसू नका.

पुढच्या शनिवारी वही लिहायची पाळी माझी आहे. कुणाला यायचं असेल तर सोबत चला.